मातीचा रंग, पन कुटच्या मातीचा

माजा गाव लांजा तालुक्यातला, नाव सांगून उपयोग नाय, तुमी ऐकलेलं नसनार, एस्टीच्या पाटीवर पन ते शेवटी बारीक अक्षरात लिवलेलं असायचं. मी दत्ताराम. बापसाची गनपतीची शाळा व्हती, म्हंजे शिकायची शाळा नव्हे, गनपती बनवायची, आमच्याकडं तिला शाळाच म्हनतात. शाडूच्या मातीचे गनपती, पाच गावचे लोक पाट आनून द्यायचे आनि चतुर्थीच्या आदल्या दिवशी डोक्यावर घेऊन जायचे. बापूस डोळ्यांची आखनी स्वतः करायचा, तितं दुसऱ्याचा हात नाय चालायचा, आनि अंगाचा रंग हळूहळू माज्याकडं आला. आधी ब्रशनं, मंग बापसानं कोल्हापुरातनं कॉम्प्रेसर आनला आनि स्प्रेची गन आनली. ती गन पयल्यांदा माज्या हातात आली, मी चौदा-पंधराचा असन, आनि माजा चुलता म्हनाला की बापूस गनपतीवाला आनि हा नुसता गनवाला. ते नाव गावात चिकटलं ते चिकटलंच, अजून सुट्टीवर गेलो की गनवाला आला म्हनतात.

तर काय सांगू तुमाला, ह्या हाताला पयल्यापासनं सवय की रंग डोळ्यानं जुळवायचा. गनपतीचं पितांबर गेल्या वर्षीसारखं पायजे म्हनून कोनी बाई सांगायची, गेल्या वर्षीचा गनपती तर नदीत गेला, आता बगनार कशात, तर तो रंग आटवनीतनं काढायचा. मी काढायचो. मंग कोल्हापूरला गॅरेजात चार वर्षं ट्रक रंगवले, मंग एजंटनं व्हिसा काढला, इकाम्यावर, म्हंजे हितल्या राहन्याच्या कार्डावर, धंदा लिवलेला दहान, म्हंजे पेंटर, आनि मी रियाधला आलो त्याला आता सव्वीस वर्षं झाली. एकच वर्कशॉप, एकच कफील, म्हंजे व्हिसा देनारा मालक. आदी म्हातारा अबू नासेर व्हता, आता कारभार त्याचा मुलगा नासेर बगतो, पन म्हातारा जिवंत हाय, ऐंशीच्या पुढं गेलाय, त्याला सगळे शायबा म्हनतात, म्हंजे म्हातारबाबा.

हिकडच्या गाड्या बगितल्यात का तुमी? निम्म्या पांढऱ्या. लोकांना वाटतं पांढरा म्हंजे सोपा. पांढऱ्यासारखा अवघड रंग नाय. एक पांढरा निळसर असतो, एक दुधावरच्या सायीचा, एक चुन्यासारखा कोरडा, आनि चार वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी आनखी वेगळी, तिचा पांढरा कुटल्या डब्यात मिळत नाय. तो मी डोळ्यानं जुळवायचो. गाडी घेऊन जानारा मानूस दाराला हात लावून विचारायचा की ठोकर लागलेली कुटं. मी म्हनायचो, तूच शोध. हा माजा गर्व व्हता, लपवत नाय.

मंग दोन वर्षांपूर्वी वर्कशॉपात मशीन आलं. गाडीवर टेकवायचं, ते रंग ओळखतं आनि कुटला डबा किती घालायचा ते सांगतं. मशीनबरोबर नवा फोरमन आला, शाजी, केरळचा, मानूस वाईट नाय, पन कागदावरचा. त्याच्या काळात एक गाडी परत आली, तिचं एक दार माज्या हातचं, आनि खरं सांगतो, ते दार जरा पिवळं मारत व्हतं. आदी कदी असं झालं नव्हतं. शाजी म्हनाला, चाचा, अब आँख को आराम दो, अगले महीने से घासाई में बैठो. घासाई म्हंजे पानी आनि पॉलिश पेपर घेऊन गाडी घासत बसायचं, नवा मानूस आला की त्याला पयलं तितं बसवतात. मी सव्वीस वर्षांचा पेंटर, सत्तावन वय, आनि मला घासाई. त्या दिवसापासनं मला जेवन गोड लागंना. पगार तोच मिळनार व्हता, पगाराचं दुःख नव्हतं. दुःख हे, की रोज सकाळी उठून मी कँपच्या, म्हंजे आमच्या कामगारांच्या खोलीच्या, खिडकीतनं समोरच्या पांढऱ्या भिंतीकडं बगायचो आनि स्वतःला विचारायचो, दत्ता, ही पिवळी दिसतेय का तुला, का पांढरी. आनि सांगता यायचं नाय.

त्याच महिन्यात बंदूक आली. अबू नासेरच्या बापाची, जुनी, लांब नळीची, लाकडी दस्त्याची, कागद परवाना सगळा असलेली. लाकूड काळं पडलेलं, लोखंडावर गंजाचे डाग. शायबा थंडीत मित्रांबरोबर वाळवंटात तंबू टाकून राहतो, त्याला हे कश्ता म्हनतात, आनि तितं बाकीच्या म्हाताऱ्यांकडं नवीन बंदुका, रानात मिसळनाऱ्या ठिपक्यांच्या रंगाच्या, ते ह्याला चिडवायचे की तुजी बंदूक म्हंजे काठी हाय. शायबा आता गोळी मारत नाय, मांडीवर घेऊन बसतो फक्त, पन चिडवलेलं कुनाला आवडतं. नासेरनं बंदुकीवर मारायच्या खास कोटिंगचे डबे आनले, बंदूक स्वतः रिकामी करून, खटका काढून घरी ठेवून, बाकीची माज्या टेबलावर ठेवली. शाजी म्हनाला, मशीन मिट्टी का रंग नहीं बताता, ये चाचा करेंगे. बोलला हसत, पन मला कळलं की ही माजी परीक्षा हाय, हितं चुकलो तर घासाई नक्की.

शायबा दारात काठी टेकून उभा व्हता. मला म्हनाला, लौन तुराब. फाहेम? म्हंजे मातीचा रंग, समजलं? मी म्हटलं, फाहेम. हितंच मी फसलो बगा.

त्या रात्री मी बायकोला फोनवर सांगितलं की आज बंदूक रंगवायला आली. सुनंदा म्हनाली, त्यात काय नवीन, तुमच्या हातात गन असतेच. मी म्हटलं, अगो, गननं गन रंगवायची हाय. तिला ते समजावता समजावता फोनचं कार्ड संपायची वेळ आली असती, पूर्वीचे दिवस असते तर.

तयारी मी अशी केली की गनपतीची पन केली नसन. आदी सगळा जुना तेलकटपना थिनरनं काढला, गंज घासला, जितं रंग जाता कामा नये तितं टेप मारली, कापसाचे बोळे घातले. मंग डबे उघडले. एक फिकट पिवळट, एक करडा, एक सुकल्या गवताचा. मी म्हटलं, हे काय, ही तर वाळू. आता मला हिकडची भाषा कामापुरती येते. धुळीला गुबार म्हनतात. वाळूला रमल म्हनतात. मंग तुराब म्हंजे मातीच, आनि माती कुटं अशी असते? मला वाटलं नासेरनं घाईत चुकीचे डबे आनले. विचारायला पायजे व्हतं. पन पेंटरनं विचारायचं आनि शाजीनं ऐकायचं, ते मला नको व्हतं. मी लाल घातला, तपकिरी घातला, थेंब काळा, आनि बरोबर आपल्या जांभ्याची माती काढली, पावसानं भिजून वाळलेली असते ना, ती. त्यावर काजूच्या पानाचा हिरवा, मधे मधे करवंदीच्या जाळीतला काळपट. रंग इतका बरोबर आला की मला स्वतःला परड्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. फोटो काढून सुनंदाला पाठवला. ती म्हनाली, आपल्या गडग्याच्या चिऱ्यांना टेकवून ठेवली तर दिसायची नाय. मी म्हटलं, डोळा शाबूत हाय माजा.

शाजीनं बगितली आनि तो खुर्चीत बसला. चाचा, ये क्या बनाया, लाल बंदूक? मी म्हटलं, लौन तुराब. तो म्हनाला, आपकी आँख गई, चाचा, सच में गई. आनि त्या आवाजात हसू नव्हतं, दया व्हती, ती मला जास्त लागली.

गुरवारी शायबा आला. बंदूक हातात घेतली, उलटीसुलटी केली. मंग विचारलं, हादा तुराब? ही माती? मी मान हलवली. त्यानं माज्याकडं बगितलं, बंदुकीकडं बगितलं आनि म्हनाला, यल्ला, गाडीत बस.

नासेर गाडी चालवत व्हता, शायबा पुढं, मी मागं, बंदूक चादरीत गुंडाळून माज्या शेजारी. रियाध मागं पडलं, पेट्रोल पंप मागं पडले, डांबर पन संपलं, आनि गाडी मोकळ्यावर थांबली. मी उतरलो. आनि तुमाला खोटं वाटंल, पन सव्वीस वर्षांत मी ह्या देशाची जमीन पयल्यांदा बगत व्हतो. कँप, वर्कशॉप, शुक्रवारी बत्ह्याच्या बाजारात भाजी आनि मासे, दोन वर्षांनी एअरपोर्ट. सगळीकडं डांबर नायतर फरशी. गाडीच्या काचेतनं दिसायचं ते मी जमीन म्हनून कदी बगितलंच नव्हतं, ते आपलं मधलं रिकामं असतं तसं. तिकडं दुसऱ्या अंगाला लाल वाळू पन हाय म्हनतात, पन ह्यांच्या कश्त्याची जागा ही, फिकट.

शायबानं चादर सोडली आनि बंदूक जमिनीवर ठेवली. देवा रे. तांदळाच्या परातीत कुंकवाची चिमूट पडावी तशी ती दिसत व्हती. मला तिच्याकडं बगवंना. शायबानं विचारलं, अशी माती कुटं असते? मी मोबाईल काढला, आमच्या सड्यावरचा लाल मातीचा रस्ता दाखवला, चिऱ्याची खान दाखवली. त्यानं बोटानं फोटो मोठा केला, नासेरला दाखवला, परत मोठा केला. मंग म्हनाला, तुज्या गावात ही बंदूक कुनाला सापडनार नाय. माज्या गावात हिला आंधळा पन बगंल. आनि हसला नाय, पुढं म्हनाला, डोळा चांगला हाय तुजा, पाय माज्या जमिनीला लागलेले नायत. बस खाली.

त्यानं मला दोन तास बसवला. खरंच दोन तास. बापलेक गाडीच्या सावलीत गहवा, म्हंजे त्यांची कॉफी, पीत बसले आनि मी उन्हात जमिनीकडं बगत. पयल्यांदा सगळं एकच पिवळट. मंग हळूहळू फुटायला लागलं. खड्याच्या खाली वेगळा, खड्याच्या अंगावर वेगळा. झुडपाच्या मुळाशी वारा येऊन थांबतो तितं पीठ साठल्यासारखा वेगळाच. एक रंग तर मी ओळखला, तो गनपतीच्या सोंडेला शाडू वाळतं तवा कडेला येतो तो. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. दार पिवळं झालं ते वयामुळं का घाईमुळं ते मला माहीत नाय, पन ज्या डोळ्याला हे दिसतंय तो गेलेला नाय, एवढं मला तितं बसून कळलं. मी जेवनाच्या डब्याच्या चार खनांत चार जागची माती भरून घेतली आनि एक वाळकं झुडूप उपटून घेतलं. नासेर म्हनाला, हा काय खानार हाय काय ते.

लाल रंग सगळा काढला, पुन्हा पयल्यापासनं. ह्या वेळी बूथमधे, म्हंजे फवारनीच्या बंद खोलीत, रंग जुळवलाच नाय, वर्कशॉपच्या मागं, भर दुपारी, उघड्यावर. पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारायचा, सुकू द्यायचा, त्या मातीवर ठेवायचा, मागं सरकून बगायचं. दिसला तर परत. शाजी दोनदा येऊन बगून गेला. ठिपके पाडायला बाजारात कागदी नक्ष्या मिळतात, त्या मी घेतल्या नायत, ते वाळकं झुडूपच बंदुकीवर धरलं आनि वरनं हलका फवारा मारला, जागा बदलली, परत मारला. आमच्या शाळेत गनपतीच्या मागची प्रभावळ बापूस पाना-फुलांवरनं फवारून करायचा, तो हात. आनि कोट एकदम पातळ, एक सुकल्याबिगर दुसरा नाय. चौथ्या दिवशी झाली. मशीनला हात लावला नव्हता.

परत तीच जागा. ह्या खेपेला शाजी पन आला, त्याला नासेरनं बोलावलेलं. दुपार कलत व्हती. शायबा म्हनाला, तुमी सगळे पाठ करून उभे राहा, मी ठेवतो. बंदूक घेऊन गेला, काठी टेकत टेकत परत आला, बसला, गहवा ओतला आनि म्हनाला, शोधा. आमी तिघं फिरलो. हिकडं बगितलं, तिकडं बगितलं. शाजी एका फांदीवर झेपावला. शायबा खुश, मांडीवर हात मारत व्हता. थोड्या वेळानं म्हनाला, खलास, हरलात, मी आनतो. उठून गेला. वाकला. उभा राहिला. दोन पावलं पुढं गेला, परत वाकला. मंग त्यानं वळून आमच्याकडं बगितलं ना, ती नजर मला अजून दिसते. त्याला पन सापडत नव्हती.

आता मजा संपली. त्याच्या बापाची बंदूक, परवान्याची बंदूक, उघड्या वाळवंटात, आनि दिवस खाली चाललेला. शायबाचे ओठ सुकले. तो काठी जमिनीवर फिरवत फिरवत चालायला लागला, तोंडानं काय तरी पुटपुटत, मधेच या बोय, या बोय, म्हंजे बाबा, बाबा. ऐंशीचा मानूस बापाला हाक मारतो, ते ऐकवत नव्हतं. नासेर माज्यावर ओरडला, काय करून ठेवलंस हे तू. आता बगा तुमी, लाल केली तवा दिसते म्हनून ऐकलं, आता दिसत नाय म्हनून ऐकत व्हतो. मला भीती पन वाटत व्हती आनि आतनं उकळी पन फुटत व्हती, दोन्ही एकदम, खोटं कशाला बोलू.

मी एका जागी बसलो. शाजी म्हनाला, चाचा, बैठो मत, ढूँढो. मी म्हटलं, ढूँढ रहा हूँ. फिरून सापडनारी ती नव्हतीच, मीच केलेली. मी बंदूक शोधायची सोडली आनि माजी चूक शोधायला लागलो. दस्त्याच्या खालच्या अंगाला एक ओघळ आलेला, तांदळाच्या दान्याएवढा, शेवटच्या कोटला हात जरा थांबला तितं. मी तो कुनाला दाखवला नव्हता, घासून बसवलेला, पन ओघळ घासला तरी त्याची चमक वेगळी राहते, ती पेंटरलाच कळते. सूर्य खाली आला तशी मान जमिनीला लावली आनि बगत राहिलो. तीसेक पावलांवर, एका झुडपाच्या बुडाशी, दान्याएवढं काय तरी मिनमिनलं. मी उठलो, सरळ चालत गेलो, वाकलो आनि उचलली. शायबाच्या पायापासनं हातभर लांब व्हती ती.

त्यानं बंदूक आदी घेतली नाय, माजा हात घेतला. मंग माज्या दोन्ही डोळ्यांवरनं अंगठा फिरवला आनि म्हनाला, अल्ला ह्यात नूर ठेवो. शाजी गाडीकडं बगत उभा व्हता.  शनवारी सकाळी मी गेलो तर बूथची चावी माज्या खुंटीवर, आनि घासाईच्या पाटीवरचं माजं नाव पुसलेलं. मशीन हाय अजून, बरं काय. मी त्याला शिव्या देत नाय. नव्या गाड्या ते करतं, उन्हात जुनी झालेली आली की शाजी म्हनतो, चाचा को दिखाओ. आनि चष्म्याचा नंबर मी बदलून घेतला, ते पन सांगतो, डोळ्याचा मान वेगळा आनि काच वेगळी.

आनखी दोन वर्षं करीन, मंग सुनंदा म्हनते या आता. शाळा बंद पडलेली हाय, पुतन्या म्हनतो, काका, परत सुरू करू. बगू. देवानं हे दोन डोळे असेच ठेवले तर गनपतीच्या डोळ्यांची आखनी मीच करीन, आता दुसऱ्याला हात लावू देनार नाय. तुमाला पन देव असंच ठेवो, तुमचं वाचायचं काम पन डोळ्याचंच हाय.

हां, आनि ते राहिलंच. गेल्या थंडीत नासेरनं कश्त्यातला फोटो दाखवला. शायबा तंबूसमोर बसलेला, मित्र भोवती, मांडीवर बंदूक. आनि दस्त्याला नातीच्या केसातली गुलाबी रिबीन बांधलेली, ही एवढी मोठी, फूल करून. मी इतकी मेहनत करून लपवलेली बंदूक, आनि वर गुलाबी रिबीन. नासेर म्हनाला, रागवू नको, त्याशिवाय ती खाली ठेवायला शायबा घाबरतो. दुसरा कोन असता तर रागावला असता. मी तो फोटो मागून घेतला आनि गावाला पाठवला, आनि खाली लिवलं, गनवाल्याचं काम.